विहीणबाईंचं मॅक अँड चीज आणि न पचणारं दूध

तुमचा प्रश्न इतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. तुम्ही नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटला राहता. मुलाचं लग्न ठरलंय. मुलगी जॉर्जियातल्या मेकनची, आफ्रिकन अमेरिकन कुटुंबातली. तिचे आईवडील नोव्हेंबरात पहिल्यांदा तुमच्याकडे जेवायला येणार आहेत. पुरणपोळीसोबत त्यांच्या घरचेही चार पदार्थ टेबलावर असावेत असं तुम्हाला वाटतं: मॅक अँड चीज (चीजमधली मॅकरोनी), चीज ग्रिट्स, बिस्किटं (इथले मऊ, फुगलेले पाव) आणि स्क्वॉश कॅसरोल (स्क्वॉश ही भोपळ्याच्या जातीची भाजी, ट्रेमध्ये भाजलेली). अडचण अशी की तुमच्या यजमानांना आणि धाकट्या लेकीला दूध पचत नाही, आणि होणाऱ्या व्याह्यांनाही पचत नाही असं कळलंय. एकदा व्हीगन चीज आणून करून पाहिलंत, तर वर तेल तरंगलं आणि खाली खळ झाली. म्हणून विचारताय की आता कोणतं वेगळं चीज आणू.

वेगळं चीज आणूच नका. चांगलं मुरलेलं, खरं चेडर चीज आणा. बदलायचं आहे ते दूध.

मी अटलांटाजवळ राहते. सहा वर्षं इथल्या एका 'मीट अँड थ्री' खानावळीच्या स्वयंपाकघरात होते आणि त्यानंतर तेरा वर्षं घरगुती समारंभांचा स्वयंपाक करून देते. मीट अँड थ्री म्हणजे एक मांसाचा पदार्थ आणि सोबत तीन भाज्या, असं दक्षिणेतलं साधं जेवण. फळ्यावर भाज्यांची जी यादी असते त्यात मॅक अँड चीजही असतं, भेंडी आणि कोलर्डच्या पाल्याच्या शेजारी. त्या स्वयंपाकघरात मला शिकवणाऱ्या मुख्य आचारी बाईंना स्वतःला दूध पचत नव्हतं. त्या रोज चाळीस-पन्नास माणसांचं मॅक अँड चीज करत आणि स्वतः एक घासही खात नसत. ते पाहून मला फार वाईट वाटायचं. एका सोमवारी खानावळ बंद असताना आम्ही दोघींनी मिळून त्यांच्याच कृतीतली एकेक वस्तू तपासली आणि दूध नेमकं कुठून येतंय याचा हिशेब मांडला. तोच हिशेब तुम्हाला सांगते, कारण तो कळला की पुढची प्रत्येक कृती तुमची तुम्हालाच बदलता येईल.

लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर. ती पचवायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं पाचकद्रव्य लागतं. जगातल्या साधारण दोन तृतीयांश लोकांमध्ये ते बाळपण सरल्यावर कमी होत जातं. मग ही साखर न पचता मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू तिला आंबवतात, वायू होतो, पाणी ओढलं जातं, पोट फुगतं, मुरडा येतो, जुलाब होतात. आफ्रिकन अमेरिकन लोकांमध्ये हे प्रमाण गोऱ्यांपेक्षा बरंच जास्त आहे. भारतातही वायव्येकडे दूध पचवणारे जास्त आणि दक्षिणेकडे, पूर्वेकडे कमी. म्हणजे तुमच्या टेबलाभोवती बसणाऱ्या दोन्ही घरांना हा प्रश्न नवा नाही.

आता चीज कसं होतं ते बघा. दूध फाडलं की लॅक्टोजचा मोठा भाग निवळीबरोबर निघून जातो. जो थोडा उरतो तो चीज मुरत असताना जिवाणू खाऊन टाकतात. त्यामुळे नऊ-दहा महिने किंवा वर्षभर मुरलेल्या चेडरमध्ये, पार्मेजानमध्ये, मुरलेल्या गाउडामध्ये लॅक्टोज जवळजवळ नसतंच. लोणी घुसळतानाही ते ताकात जातं, म्हणून लोण्यात नाममात्र आणि कढवलेल्या तुपात त्याहून कमी.

मग मॅक अँड चीज खाऊन पोट का बिघडतं? दक्षिणेतल्या नेहमीच्या कृतीत एका मोठ्या ट्रेला इव्हॅपोरेटेड मिल्कचे, म्हणजे आटवलेल्या दुधाचे, दोन डबे पडतात. एका डब्यात साधारण ३५ ग्रॅम लॅक्टोज असतं. पुष्कळ जण त्यात पिवळ्या प्रोसेस्ड चीजची वडीही घालतात, मऊपणासाठी. त्या वडीत दुधाची भुकटी आणि निवळीची भुकटी घातलेली असते. अर्धा किलोच्या वडीतून आणखी ३० ग्रॅमच्या आसपास येतं. झाले शंभर ग्रॅम. दहा जणांत वाटलं तर प्रत्येकी १० ग्रॅम, आणि मॅक अँड चीज कुणी एकदाच वाढून घेत नाही. त्याच ताटात डब्यातल्या क्रीम सूपचं कॅसरोल, दूध घातलेले कुस्करलेले बटाटे, शेवटी कॉब्लरवर, म्हणजे पिठाचं आवरण घालून भाजलेल्या फळांवर, आइस्क्रीम. दूध न पचणाऱ्या बहुतेक प्रौढांना एका वेळी सुमारे १२ ग्रॅम, म्हणजे कपभर दुधातलं लॅक्टोज, फारसा त्रास न होता चालतं. पण असं ताट त्याच्या दुप्पट-तिप्पट पलीकडे जातं. यात खऱ्या चेडरचा वाटा किती? तो हिशेबात धरण्याइतकाही नाही.

म्हणून चीज काढून टाकणारे लोक चूक जागी कात्री लावतात. पदार्थाचा जीव जातो आणि त्रास तसाच राहतो, कारण सॉसमधलं दूध तिथेच असतं.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट विहिणीला फोन करून स्पष्ट विचारा: दूध पचत नाही, की दुधाची ॲलर्जी आहे? ॲलर्जी ही दुधातल्या प्रथिनांची असते. तिथे मुरलेलं चीज, लॅक्टोज-फ्री दूध, लोणी यांतलं काहीही चालत नाही. थोड्याशा प्रमाणानेही श्वास अडकू शकतो. पाहुण्यांत एखादं लहान मूल असेल तर त्याच्याबद्दलही वेगळं विचारा. मी पुढे जे सांगते आहे ते फक्त लॅक्टोज न पचणाऱ्यांसाठी आहे.

दुकानात काय बघायचं

चेडर घेताना पाकिटावर 'शार्प' किंवा 'एक्स्ट्रा शार्प' लिहिलेलं घ्या, आणि मागच्या तक्त्यात एकूण साखर बघा. चीजमधली साखर म्हणजे लॅक्टोजच. तिथे शून्य असेल तर एका वाटणीत अर्ध्या ग्रॅमहून कमी आहे. ही खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते. अखंड लादी घ्या आणि घरी किसा. आधीच किसलेल्या चीजला चिकटू नये म्हणून बटाट्याचं पीठ किंवा सेल्युलोज लावलेलं असतं; त्याने सॉस रवाळ होतो.

दोन-तीन वर्षं मुरलेलं महागडं चेडर मात्र एकट्याने वापरू नका. चव अप्रतिम असते, पण इतकं जुनं चीज वितळताना फुटतं आणि तेल सोडतं. त्याला जोडीला माँटेरे जॅकसारखं मवाळ चीज हवं. ते फार मुरलेलं नसलं तरी त्यातही लॅक्टोज अगदी कमीच असतं.

लॅक्टोज-फ्री दूध पूर्ण सायीचं घ्या. ते खरं गाईचं दूधच असतं, फक्त त्यात लॅक्टेज घालून साखर आधीच फोडलेली असते. यामुळे दोन गोष्टी बदलतात आणि त्या माहीत नसतील तर पदार्थ बिघडतो. एक, फुटलेली साखर जास्त गोड लागते. दोन, ती लवकर तांबूस होते आणि तळाशी लवकर लागते. मी सुरुवातीला आचारी बाईंच्या कृतीत बसावं म्हणून लॅक्टोज-फ्री दूध बासुंदीसारखं निम्मं आटवलं होतं. रंग सुंदर आला, पण चवीला खरोखर साखर घातलेली बासुंदीच झाली. मॅक अँड चीज कुणी खाल्लं नाही. तेव्हापासून मी दूध आटवत नाही. दाटपणा अंड्यांतून आणि थोड्या क्रीममधून आणते, आणि गोडी मोडायला मोहरीची पूड आणि लाल तिखट घालते.

लेबलवर 'व्हे', 'मिल्क सॉलिड्स', 'मिल्क पावडर' असे शब्द दिसले तर ते लॅक्टोज. ब्रेडक्रम्स, बटाट्याचे मसालेदार चिप्स, रँच मसाल्याची पुडी, काही सॉसेज, तयार कॉर्नब्रेडचं पीठ यांत ते दडलेलं असतं. 'लॅक्टिक ॲसिड' हे नाव सारखं वाटलं तरी ते लॅक्टोज नव्हे, त्याला घाबरू नका. मेयोनीजमध्ये दूध नसतंच. ते अंडं आणि तेल. पांढरं दिसतं म्हणून कितीतरी लोक ते सोडून देतात.

मॅक अँड चीज

हा पदार्थ नुसता मुलांचा खाऊ नाही, हे आधी लक्षात घ्या. जेम्स हेमिंग्ज हे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या टॉमस जेफर्सन यांच्या गुलामीत असलेले आचारी. १७८४ मध्ये जेफर्सन त्यांना पॅरिसला घेऊन गेले, तिथे ते फ्रेंच स्वयंपाक शिकले आणि १७९६ मध्ये स्वतंत्र झाले. मॅकरोनीचा हा पदार्थ अमेरिकन जेवणात रुजवणाऱ्यांत त्यांचं नाव आदराने घेतलं जातं. पुढे दोनशे वर्षं हा पदार्थ दक्षिणेतल्या काळ्या आचाऱ्यांनी घडवला. अनेक घरांत सणाचं मॅक अँड चीज कुणी करायचं हे ठरलेलं असतं; तो मान कुणालाही सहज मिळत नाही. तुम्ही ते करणार असाल तर विहीणबाईंना त्यांची पद्धत विचारून करा. त्यावर शेवटी परत येते.

कामाची आणखी एक जुनी गोष्ट. व्हर्जिनियातल्या मेरी रँडॉल्फ यांच्या १८२४ मध्ये निघालेल्या पाककृतींच्या पुस्तकात मॅकरोनीची कृती आहे: दूध-पाण्यात शिजवायची, निथळायची, मग एक थर मॅकरोनी, वर चीज आणि लोणी, आणि भाजायचं. पांढऱ्या सॉसचं नावही नाही. म्हणजे दुधाने भरलेला सॉस नसेल तर तो अस्सल पदार्थ नाही, असं म्हणायला काही आधार नाही.

मेकनकडच्या घरांत बहुधा अंडं घालून, वड्या पडतील असं घट्ट भाजलेलं आवडतं. त्याची माझी कृती अशी, दहा जणांना पुरते. एल्बो मॅकरोनी ४५० ग्रॅम. एक्स्ट्रा शार्प चेडर ४५० ग्रॅम आणि माँटेरे जॅक २२५ ग्रॅम, दोन्ही किसून. लॅक्टोज-फ्री दूध अडीच कप, साधं हेवी क्रीम अर्धा कप, अंडी तीन, लोणी ६० ग्रॅम. मोहरीची पूड एक चमचा, पाप्रिका अर्धा, मिरपूड अर्धा, तिखट पाव चमचा. मीठ चीजचा खारटपणा चाखून मगच.

साधं क्रीम कसं चालेल, असं तुम्ही विचाराल. क्रीममध्ये स्निग्धांश जास्त, म्हणून लॅक्टोज दुधापेक्षा कमी. अर्ध्या कपात साडेतीन ग्रॅमच्या आसपास, तेही दहा जणांत. व्याह्यांचं पोट फारच हळवं असेल तर लॅक्टोज-फ्री हाफ अँड हाफ, म्हणजे निम्मं दूध आणि निम्मं क्रीम, घ्या.

मॅकरोनी खारट पाण्यात, पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं कमी उकळा. निथळून गरम असतानाच लोणी चोळा. अंडी फेटून त्यात दूध, क्रीम आणि मसाले मिसळा. वाफ जाऊन मॅकरोनी कोमट झाली की हे ओता. कढत असताना ओतलं तर अंड्याच्या गाठी होतात. तीन चतुर्थांश चीज मिसळा आणि लोणी लावलेल्या ९ बाय १३ इंची ट्रेमध्ये घाला. दूध वर आलेलं दिसलं पाहिजे. कोरडं दिसलं तर अर्धा कप दूध आणखी. उरलेलं चीज वर पसरा.

१७५ अंश सेल्सियसवर, इथल्या ओव्हनवर ३५० अंश फॅरनहाइट, आधी फॉइलने झाकून २५ मिनिटं. मग फॉइल काढून १२ ते १५ मिनिटं. झाकण्याची पायरी टाळू नका, कारण हे दूध लवकर तांबूस होतं. उघडं ठेवलं तर वरून करपेल आणि आतून कच्चं राहील. कडा घट्ट आणि मधला भाग खरवसासारखा किंचित थरथरणारा असताना बाहेर काढा. पूर्ण घट्ट होईपर्यंत ठेवलं तर अंडं फाटून पाणी सुटतं. पंधरा मिनिटं विसावू द्या. गरमागरम कापलं की सगळं ओघळतं आणि करणारीला वाटतं की बिघडलं.

अशा ट्रेमध्ये एका वाढणीला एक ग्रॅमहूनही कमी लॅक्टोज येतं. आचारी बाईंनी पहिल्यांदा त्यांच्याच कृतीचं हे रूप खाल्लं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

लेकीला चुलीवरचं, पातळ सॉसमधलं आवडत असेल तर सोडियम सायट्रेट मागवा. हे लिंबातल्या आम्लाचं क्षार आहे, पांढरी पूड. एक कप पाण्यात १० ग्रॅम विरघळवा, मंद आचेवर आणा आणि २८० ग्रॅम किसलेलं चेडर मूठमूठ घालत ढवळा. चीजमधलं कॅल्शियम हा क्षार धरून ठेवतो, प्रथिनं सैल होतात आणि तेल-पाणी एकत्र बांधून ठेवतात. प्रोसेस्ड चीज मऊ वितळतं ते अशाच क्षारांमुळे. इथे तुम्हाला तोच गुळगुळीतपणा मिळतो, दुधाच्या भुकटीशिवाय. दूध अजिबात नाही, मैदाही नाही. मला स्वतःला भाजलेलंच जास्त आवडतं, पण मुलं यावर तुटून पडतात.

ग्रिट्स

ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या. ज्यांनी लहानपणी उकड किंवा कण्या खाल्ल्या आहेत त्यांना हा पदार्थ परका वाटायचं कारण नाही. दगडी जात्यावर दळलेल्या घ्या, झटपट होणाऱ्या नकोत. एक कप कण्यांना चार कप पाणी आणि मीठ. उकळत्या पाण्यात धार धरून घाला, गुठळ्या मोडा, मंद आचेवर ४०-५० मिनिटं अधूनमधून ढवळत शिजवा. घट्ट होऊ लागल्या तर गरम पाणी घाला. दाणा बोटात मऊ लागला की गॅस बंद, मग दोन मोठे चमचे लोणी, ११५ ग्रॅम चेडर, मूठभर पार्मेजान.

पुष्कळ जण निम्मं दूध घालतात. माझ्या मते चांगल्या कण्यांना दुधाची गरजच नसते. नीट वेळ दिला की मका स्वतःच सायीसारखा होतो. दूध घातलं की मक्याची चव मागे जाते.

यावर कोळंबी घातली की श्रिंप अँड ग्रिट्स. हा मूळचा कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरच्या लोकांचा सकाळचा साधा नाश्ता. तुमच्याच राज्यात, चॅपल हिलच्या क्रुक्स कॉर्नरमध्ये, बिल नील यांनी तो चीज घातलेल्या ग्रिट्सवर वाढला आणि १९८५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्याबद्दल छापून आल्यावर तो देशभर गेला. बेकनच्या चरबीत मश्रूम आणि कोळंबी परतायची, लसूण, पातीचा कांदा, लिंबू. यात दूध कुठेही नाही, त्यामुळे काळजीशिवाय करा.

बिस्किटं

इथे मी तुम्हाला थोडी सूट देणार आहे. बिस्किटांना कपभर बटरमिल्क लागतं. इथलं बटरमिल्क म्हणजे आपलं लोणी काढलेलं ताक नव्हे. ते विरजण लावून दाट केलेलं दूध असतं. विरजणाने लॅक्टोज थोडंच कमी होतं, कपात दहा-बारा ग्रॅम उरतंच. पण त्या कपातून नऊ बिस्किटं होतात, म्हणजे एका बिस्किटाला सव्वा ग्रॅमच्या आसपास. बाकीचं ताट हलकं ठेवलंत तर बहुतेकांना एवढं सहज चालतं. तरी मनात शंका नको असेल तर लॅक्टोज-फ्री केफिर, म्हणजे आंबवलेलं पातळ दह्यासारखं दूध, आणा. त्याची आंबट चव बटरमिल्कच्या जवळ जाते. केफिर न मिळाल्यास एका कपात एक मोठा चमचा व्हिनेगर घालून वर लॅक्टोज-फ्री दूध भरा आणि दहा मिनिटं ठेवा. काम होतं, पण हे दूध पातळ असतं, दोन चमचे कमीच घाला.

सेल्फ-रायझिंग पीठ, म्हणजे बेकिंग पावडर आणि मीठ आधीच मिसळलेलं, सव्वादोन कप, आणि ते दक्षिणेकडचं मऊ गव्हाचं असावं. कणखर मैद्याने बिस्किट चिवट होतं. गार लोणी सहा मोठे चमचे बोटांनी चुरा, केफिर घाला, पीठ जेमतेम गोळा होईल इतकंच हलवा. थापून तीन-चार घड्या घाला, कापताना साचा पिळू नका, सरळ दाबा. ट्रेमध्ये एकमेकांना चिकटून ठेवा म्हणजे उंच फुगतात. २३० अंश सेल्सियसवर, इथल्या ओव्हनवर ४५० अंश, १२ ते १५ मिनिटं. चीजची हवी असतील तर १०० ग्रॅम चेडर पिठातच.

कॅसरोल आणि बाकीचं

स्क्वॉश कॅसरोलमधला खरा गुन्हेगार म्हणजे क्रीम सूपचा डबा. त्याच्या जागी: तीन चमचे लोण्यावर बारीक चिरलेले मश्रूम आणि कांदा परता, तीन चमचे मैदा घालून कच्चा वास जाईपर्यंत भाजा, एक कप चिकन किंवा भाजीचा स्टॉक आणि अर्धा कप लॅक्टोज-फ्री दूध ओतून घट्ट करा. एका डब्याच्या बदल्यात हे पुरतं आणि चवीला कितीतरी सरस लागतं. पिवळा स्क्वॉश आधी मीठ लावून किंवा वाफवून चांगला पिळून घ्या, नाहीतर तळाशी पाणी साचतं. वर लोण्यात घोळलेला क्रॅकरचा चुरा; क्रॅकरच्या पुड्यावर 'व्हे' आहे का बघा.

पाहुणे आल्याआल्या काही पुढे ठेवायचं असेल तर पिमेंटो चीज करा. २२५ ग्रॅम शार्प चेडर हाताने किसून, निथळलेली पिमेंटो मिरची छोटी बाटली, मेयोनीज अर्ध्या कपाला थोडं कमी, चिमूटभर तिखट, काट्याने कालवायचं. मिक्सरमध्ये फिरवू नका, चटणी होते. काही जण क्रीम चीज घालतात. ते ताजं चीज असल्याने त्यात लॅक्टोज असतं, पण मी ते चवीसाठीसुद्धा घालत नाही. मऊ ब्रेडवर किंवा सेलरीवर द्या.

गोडाला पीच कॉब्लर ठरवलंत तर वर लॅक्टोज-फ्री आइस्क्रीम, आणि कॉब्लरच्या पिठात दूध पडत असेल तर तेही लॅक्टोज-फ्री घ्या. आणि तुमची पुरणपोळी तुपासकट सगळ्यांना चालते. वाटीतलं दूध मात्र लॅक्टोज-फ्री ठेवा.

गोळ्या, आणि पूर्ण दूधविरहित करायचं झालं तर

लॅक्टेजच्या गोळ्या घरात असू द्या. त्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या. पोट दुखायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. जेवण गप्पांत दोन तास रंगलं तर पुन्हा एक घ्यावी लागते. एका बाईंनी मला सांगितलं की त्या गोळ्या कुटून गरम सॉसमध्ये घालतात. तसं करू नका. लॅक्टेज हे प्रथिन आहे, उष्णतेने ते निकामी होतं. दुधात घालायचे थेंब वेगळे मिळतात, ते थंड दुधात घालून फ्रिजमध्ये २४ तास ठेवायचे आणि मग ते दूध स्वयंपाकाला घ्यायचं. आणि उकळल्याने किंवा भाजल्याने लॅक्टोज उडून जातं हाही समज खोटा आहे.

फोनवर ॲलर्जी असल्याचं कळलंच, तर त्या व्यक्तीसाठी भांडीसुद्धा वेगळी ठेवून स्वतंत्र पदार्थ करा. व्हीगन चीजमध्ये प्रामुख्याने खोबरेल तेल आणि स्टार्च असतं. ते ओव्हनमध्ये जास्त वेळ राहिलं की तेल सुटतं, तुमचं तेच झालं. त्यापेक्षा भिजवलेले काजू, बिनसाखरेचं सोया दूध, न्यूट्रिशनल यीस्ट, भाजलेली लाल सिमला मिरची, मोहरी आणि लिंबू वाटून चुलीवर घट्ट केलेला सॉस मॅकरोनीवर ओता आणि भाजू नका. चव चांगली लागते. चेडरची नाही लागत, आणि तशी लागेल असं सांगून कुणाला वाढू नये.

अजून एक. एवढं लोणी-चीज पोटात गेलं की लॅक्टोज शून्य असलं तरी पोट जड होतं, ते त्या स्निग्धाचं. यजमानांना तशी कल्पना द्या आणि टेबलावर व्हिनेगर शिंपडलेला कोलर्डचा पाला आणि काकडी-कांद्याची कोशिंबीर नक्की ठेवा.

मॅकरोनी आदल्या दिवशी उकळून, लोणी लावून फ्रिजमध्ये ठेवता येते. दूध-अंडी मात्र भाजायच्या आधीच मिसळा. त्याआधी एका शनिवारी अर्ध्या मापाने एकदा करून बघा आणि यजमानांना खाऊ घाला. तुमचा ओव्हन किती लवकर रंग आणतो ते त्याच दिवशी कळेल.

आणि आजच विहीणबाईंना फोन करा. "तुमच्या घरी मॅक अँड चीज कसं करतात, मला शिकायचंय," एवढंच म्हणा. तीन गोष्टी विचारून घ्या: अंडं घालता का, कोणकोणती चीजं घालता, आणि वर क्रॅकरचा चुरा की नुसतं चीज. त्या म्हणाल्या की मीच करून आणते, तर आनंदाने हो म्हणा आणि लॅक्टोज-फ्री दुधाचा डबा घरात आणून ठेवा. त्यांनी कृती सांगितली तर ती मला इथेच लिहा. त्यातलं दूध किती आणि कशाने बदलायचं ते मी मापासकट बसवून देते.